जनान्याच्या बाजूचा कॅमेरा

बिस्मिल्लाह.

नांदेडहून नायगावला माझ्या घरी आलेला माल असा: मिररलेस कॅमेरा, नुसती बॉडी, बहात्तर हजार. अठरा ते पन्नासची झूम लेन्स, अडतीस हजार. पस्तीसची लेन्स, झूम नसलेली, कमी उजेडात चालणारी, साडेतीस हजार. जादा बॅटऱ्या, कार्डे आणि पिशवी मिळून अकरा हजार दोनशे. पिशवी फुकट म्हणाले होते, बिलात लावली.

हा सगळा माल माझ्या स्वतःच्या कमाईचा आहे. त्यात नवऱ्याचा किंवा मुलाचा रुपया नाही. हे सर्वांत वर लिहिले, कारण माझ्या मागे भांडण झालेच तर घरावरून होणार नाही, यावरून होईल.

मी, खातूनबी भ्रतार तय्यब अत्तार, वय बासष्ट, धंदा घरकाम, शिक्षण मॅट्रिक, राहणार नायगाव, जिल्हा नांदेड, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. कोणी धमकावले नाही, कोणी शिकवून दिलेले नाही. पुढच्या महिन्यात नांदेडच्या दवाखान्यात माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, भिण्यासारखे काही नाही. मी भीतही नाही. परत येणे न येणे अल्लाहच्या हातात आहे. पण माझ्या लोखंडी कपाटाची किल्ली कोणाच्या हातात जाईल, ते मला आजच ठरवले पाहिजे. घरात आम्ही दखनी बोलतो. शाळा माझी मराठीत झाली म्हणून मराठीत लिहिते, आणि लोकांचे बोलणेही मराठीतच उतरवते.

एक. माझ्या कफन-दफनाचे पैसे शिलाई मशीनच्या खणात वेगळे ठेवले आहेत. त्यातच भागवावे. चाळीसाव्याला बिर्याणीच्या डेगा चढवू नयेत. ज्याला माझ्यासाठी काही करायचे असेल त्याने दुआ करावी, तिला गॅस लागत नाही. माझ्या मय्यतीचा फोटो कोणीही काढू नये. कोणीही म्हणजे आसिफनेही.

दोन. राहते घर माझ्या नावावर आहे. ते शरियतप्रमाणे माझा मुलगा आसिफ आणि मुलगी सदफ यांच्यात वाटावे, मुलाला दोन हिस्से, मुलीला एक. कस्तुराबाई, माझ्या शेजारीण, मला म्हणाल्या, "एवढं त्यानं केलं, तरी दोन हिस्से? काट की त्याचं नाव!" मी म्हणाले, "बाई, वारसाचा हिस्सा अल्लाहने ठरवला आहे. मला तो कमी करायचा हक्कच नाही." त्यावर त्या म्हणाल्या, "मग तुझा राग जाणार कुठं?" त्यासाठीच पुढची कलमे आहेत. आमच्यात एकूण मालमत्तेच्या एक-तृतीयांशापर्यंत वारसांशिवाय दुसऱ्याला देता येते. मी तेवढ्याच्या आत राहिले आहे.

तीन. पोस्टातल्या पैशांतून आधी माझे देणे फेडावे. माहीत असलेले देणे एकच, पिठाच्या गिरणीचे. उरलेल्यातून काही रक्कम मदरशातल्या मुलींच्या फीला द्यावी. किती, ते सदफला सांगितले आहे. बाकी घरासारखेच वाटावे.

चार. तांब्याची मोठी डेगची माझ्या थोरल्या जाऊबाई उमरीला घेऊन गेल्या, त्यांच्या तान्ह्या मुलाच्या अकीक्याच्या जेवणाला. तो मुलगा आता स्वतः बाप झाला आहे. डेगची मागू नये. मी माफ केली. पण डेगची कुठे आहे हे मला माहीत होते, एवढे त्यांना जरूर सांगावे.

पाच. आता कॅमेरा. हे कलम लांब होईल. ज्याला कंटाळा येईल त्याने चहा घेऊन यावा, पण वाचल्याशिवाय सही करू नये.

माझे पती तय्यब यांचा बाजारात फोटो स्टुडिओ होता. आमच्या लग्नांत मंडपाच्या मध्ये कनात लावतात. अलीकडे पुरुष, पलीकडे बाया. पुरुषांकडचे फोटो तय्यब काढत. बायांच्या बाजूला बाप्या माणूस जाऊ शकत नाही, म्हणून त्यांनी मला शिकवले. कनातीच्या आत बाया बुरखे काढून बसतात, केस मोकळे सोडतात, एकमेकींना मेंदी लावतात, मोठ्याने हसतात. ते फोटो मी काढत असे. नंतर नवरीच्या आईला शेजारी बसवून निवडायचे, अल्बम करायचा आणि तिच्या समोर कार्ड पुसायचे. अल्बमला वाळवी लागली, पाणी लागले तर म्हणून एक प्रत हार्ड डिस्कवर, आणि डिस्क माझ्या कपाटात. इतक्या वर्षांत तय्यब यांनी एकदाही विचारले नाही की दाखव बरे, नवरी कशी दिसते. त्यांचा इंतकाल झाल्यावर पुरुषांचे काम आसिफकडे गेले, बायांचे माझ्याकडेच राहिले.

जुना डीएसएलआर कॅमेरा मोठी लेन्स आणि फ्लॅश लावला की मला पेलेना. मनगट सुजायचे. म्हणून आसिफ म्हणाला, "अम्मी, मिररलेस घेऊ. हलका असतो." दोघे नांदेडला गेलो.

मी दुकानदाराला म्हणाले, "भाऊ, मला आवाज न करणारा पाहिजे."

"मावशी, लोक मेगापिक्सेल विचारतात, तुम्ही आवाज विचारून राहिल्या?"

"दुआ चालू असताना खट वाजलं की सगळ्या बाया माझ्याकडं बघतात. दुआ राहते बाजूला."

त्याने समजावले की जुन्यात आरसा वर-खाली होतो, त्याचाही आवाज असतो. यात आरसाच नाही, आणि आवाज पूर्ण बंद करायची सोयही आहे. आधी त्याने मोठ्या सेन्सरचा दाखवला. बॉडी हलकी, पण लेन्स लावली की हातात पुन्हा खलबत्ता. मी तो परत दिला. छोट्या सेन्सरचे दोन पुढे आले. एक मागच्या मॉडेलचा होता, स्वस्त, माझ्या मुठीत नीट बसणारा. मला तोच पसंत होता. झूम लेन्स मी घेतली, कारण जनान्याची खोली लहान, मागे सरकायला जागा नसते, आणि घोळका व चेहरा दोन्ही एकाच लेन्सने यायला हवे. पस्तीसची घेतली ती कमी उजेडासाठी. फ्लॅश मारला की तान्ही लेकरे दचकतात. जुन्या लेन्सा जोडायचे कडे मिळते म्हणाले. मी नको म्हटले. वजन कमी करायला आले आणि तेच वजन कडे लावून घरी न्यायचे?

आसिफ मात्र महागाच्या बॉडीवर अडून बसला. दुकानदाराला हळूच म्हणाला, "याच्यातनं फोनवर आपोआप जातं ना?"

मी विचारले, "काय जातं?"

"घड्याळ, अम्मी. फोनवरनं घड्याळ लावून घेतो हा. तारीख चुकत नाही."

दुकानदाराने एकदा माझ्याकडे पाहिले आणि महागाच्या बॉडीचेच बिल लिहायला घेतले. घरी आल्यावर आसिफने कॅमेरा त्याच्या फोनला जोडून दिला. मी त्याला शाबासकी दिली, शेवयांची खीर केली.

मग नोव्हेंबरात आमच्याच गल्लीत एक लग्न झाले. नवरीचे नाव या कागदावर घालणार नाही. तिचे तोंड बाहेर गेले, नाव तरी जाऊ नये. कॅमेरा चांगला चालला. डोळ्यावर आपोआप नेम धरतो, अंधारातही. कोणाला कळतही नव्हते की मी फोटो काढत आहे. पुरुषांच्या बाजूला आसिफ कनातीला लागून खुर्ची टाकून बसला होता. मला वाटले, अम्मी थकली तर हाक मारेल म्हणून बसला आहे.

आठवड्याने नवरीची आई माझ्या दारात आली. आत या म्हटले तर आली नाही. फोन पुढे केला. स्टुडिओच्या पानावर तिच्या मुलीचा फोटो होता, डोक्यावर ओढणी नसलेला, मैत्रिणीच्या खांद्यावर रेलून हसताना. खाली लिहिले होते, लेडीज फोटोग्राफीसाठी भेटा. कोणीतरी तो नवरीच्या दिरालाच पाठवला होता.

ती म्हणाली, "आपा, त्यापेक्षा बाप्या फोटोवाला बोलावला असता. निदान आम्ही पदर सावरून तरी बसलो असतो."

एवढे बोलून ती दारातूनच परत गेली.

फोटो चांगला आला होता, हे लिहिले पाहिजे. पस्तीसच्या लेन्सचा होता. ती पोर माझ्याकडे बघून हसली होती. माझ्याकडे.

माझ्या दिराची मुलगी कहकशां, राहणार जळकोट, जिल्हा लातूर, तेव्हा घरी आलेली होती. लग्नाआधी तीच माझ्यासोबत जनान्यात लाइट धरायला यायची. तिने कॅमेऱ्यातली मेनूची यादी उघडून दाखवली. "चाची, हे बघा. फोटो काढला की त्याची लहान प्रत लगेच भाईजानच्या फोनवर जाते. फोन जवळपास असला पाहिजे फक्त." तेव्हा मला ती खुर्ची कळली.

आसिफला विचारले. त्याने नाकारले नाही. म्हणाला, "अम्मी, स्टुडिओ बसत चाललाय. बायांचं काम आपण करतो हे लोकांना दिसणार कसं?"

"सांगून कळेल."

"सांगून आजकाल कोण येतं? आणि मी कोण परका आहे? तुमचाच मुलगा आहे ना!"

"माझा मुलगा आहेस. त्यांचा कोण आहेस?"

त्याने फोटो काढून टाकला. ज्यांनी ठेवून घेतला त्यांच्याकडून कसा काढणार? नवरी आता कोणाच्या लग्नाला जात नाही. घेतलेली मजुरी मी परत करायला गेले, तर तिच्या आईने पाकीट उंबऱ्यावरच राहू दिले. तेव्हापासून गल्लीत मला बोलावणे नाही. एका लग्नात बोलावले, पण जेवायला. पिशवी घेऊन गेले नव्हते तरी बायांनी माझ्या हातांकडे पाहिले आणि डोक्यावरून ओढण्या घेतल्या. आसिफने मला फसवले ते मी सोसले असते, आई आहे. पण त्याने माझ्या हातून त्यांना फसवले. आणि हे त्याने रागात किंवा गडबडीत केले नाही. दुकानात, माझ्या शेजारी उभे राहून, माझ्याच पैशात ठरवले.

सहा. म्हणून वर लिहिलेला कॅमेरा, दोन्ही लेन्सा, बॅटऱ्या, आणि कपाटातली डिस्क किल्लीसकट कहकशांला द्यावी. ती माझी वारस नाही, त्यामुळे तिला देता येते. कॅमेरा कोणाच्याही फोनला जोडू नये, तिच्या नवऱ्याच्याही नाही. डिस्कवर ज्या ज्या घरचे फोटो आहेत त्या बायांना तिने एकेक करून विचारावे: ठेवू, देऊ की पुसू? त्या म्हणतील तसे करावे. काम पुढे चालवायचे की नाही, ते तिने ठरवावे. चालवले तर मला कबरीत बरे वाटेल.

कहकशांने नकार दिला तर डिस्क कस्तुराबाईंच्या डोळ्यांदेखत वरवंट्याने फोडावी आणि कॅमेरा विकून पैसे मदरशात द्यावेत. काही बायांच्या लग्नाची ती एकच आठवण आहे. अल्बम पुरात गेले. तरी फोडावी. कोणत्याही कारणाने डिस्क आसिफच्या हातात जाऊ नये.

सात. जुना डीएसएलआर आसिफला द्यावा. वारसाला वेगळे द्यायला दुसऱ्या वारसाची मंजुरी लागते, सदफने ती दिली आहे, म्हणाली, "दे अम्मी, मला ते धूड नको." तो त्याच्या वडिलांचा कॅमेरा आहे. त्यातून फोटो आपोआप कुठे जात नाही. माणसाला स्वतः न्यावा लागतो, म्हणजे नेताना विचार करायला वेळ मिळतो. आसिफवर माझी बद्दुआ नाही. मी त्याला माफ केले का, असे कोणी विचारले तर सांगावे, माफी त्या पोरीच्या हातात आहे. तिने केली तर माझीही समजावी.

हे सर्व लिहून झाल्यावर दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले. त्यांच्या समोर मी सही केली, माझ्या समोर त्यांनी. सही करताना कस्तुराबाई म्हणाल्या, "हाव, करते. पन हे वापरायची पाळी येऊ देऊ नको, तुझ्या हातच्या शेवया खायच्या हायत मला."

खातूनबी भ्र. तय्यब अत्तार (सही)

साक्षीदार: कस्तुराबाई आप्पासाहेब वडजे, शेजारीण (सही)
गुरुपादप्पा मलगे, कापड दुकानदार (सही)

ठिकाण: नायगाव. दिनांक: १२ जानेवारी २०२५.

या कागदाची ही नक्कल कहकशांसाठी:

बेटा, तू त्या दिवशी म्हणाली होतीस, "चाची, भाईजानच्या समोर मला का उभं करता?" तुझे बरोबर आहे. सासरी विचार, नवऱ्याला विचार, घाई करू नको. पण ऑपरेशनला जाण्याआधी मला कळले पाहिजे. तुझे "नाही" आले तर डिस्क मी स्वतःच फोडून जाईन, ते काम मागच्यांवर सोडणार नाही. फोन करू नको. माझा फोनही आसिफनेच लावून दिलेला आहे, त्यात काय काय चालू आहे ते मला माहीत नाही. हो किंवा नाही, एका ओळीत लिही आणि कस्तुराबाईंच्या पत्त्यावर उलट टपालाने कळव.