सौर वाऱ्याचं शीड

गंगापूर रोड, नाशिक
सोमवार

प्रिय संपदा,

हे कुरियर बुधवारी पोचेल म्हणतात, म्हणून थेटच लिहितो. शुक्रवारी सकाळी माझं स्वरयंत्र काढणार आहेत. गाठ कर्करोगाची निघाली. जीव वाचेल, आवाज जाईल. डॉक्टरांचं ऐकून घेतलं, घरी आलो, चहा प्यालो, पेपर वाचला. चाळीस वर्षं व्यासपीठावर गरजलो, पण स्वतःसाठी एक वाक्य सुचलं नाही. काही वाटतच नाही गं.

गेल्या आठवड्यात हरसूलच्या शाळेत बोललो. तिथल्या गोरक्ष सरांना दिलेली तारीख मोडवेना. विषय घेतला तुझ्या संशोधनातलं चुंबकीय शीड. माइक ओठांना टेकवून सांगितलं, की सूर्यापासून उजेडाखेरीज विद्युतभारित कणांचाही झोत निघतो, सेकंदाला चारशे-पाचशे किलोमीटर वेगाने. तोच सौर वारा. यानाला विजेला विरोधच न करणाऱ्या, अतिवाहक तारेचं भलंमोठं कडं जोडायचं, त्यात वीज खेळवायची. भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. कण त्यात शिरताना वळतात आणि वळता वळता यानाला रेटतात. रेटा इवलासा, पण त्यासाठी इंधन जाळावं लागत नाही. असं यान अजून उडालेलं नाही, हेही सांगितलं. पुढची एक मुलगी म्हणाली, "मंग सर, शीड दिसायचंच नाय?" म्हटलं, "तार दिसेल, शीड नाही." "मंग फाटायचं बी नाय!" शाळा हसली. मी पाणी प्यालो.

चार वर्षांपूर्वी नाशिकच्या सभेत हाच विषय मी तुला न विचारता घेतला होता. आरशासारखा पडदा, त्यावर आदळणारा उजेड, असं ठासून सांगितलं. ते शीड वेगळं. तिसऱ्या रांगेतून तुझी चिठ्ठी आली: 'हे उजेडावर नाही, सौर वाऱ्यावर चालतं.' आमच्याकडे प्रश्न निनावी चिठ्ठीवरच येतात, आणि चिठ्ठीची खिल्ली उडवून टाळ्या घ्यायची माझी खोड. "पाठवणाऱ्याने आधी चार पुस्तकं वाचावीत," म्हणालो. सभागृह हसलं. दुसऱ्या दिवशी तू बेंगळुरूला गेलीस. तेव्हापासून तुझे फोन आईलाच येतात. अक्षर ओळखलं नाही, असं मी तिला सांगत आलो. ओळखलं होतं. वाक्य जिभेवर आलं होतं, ते गिळवलं नाही.

हरसूलहून परतल्यावर आई म्हणाली, "चूक सुधारलीत, छान. पण ती त्या पोरांना कुठे ठाऊक होती?"

आजाराचं तुला आईने सांगावं, हे मला नको होतं. मी दोनदा फोन लावला, वाजून बंद झाला. माफी इथे लिहून टाकता आली असती. मुद्दाम लिहीत नाही. अपमान तोंडाने केला, माफीही तोंडानेच मागायची आहे. गुरुवारी संध्याकाळपर्यंत कधीही फोन कर. तू काही बोलू नकोस. ऐकून फोन ठेवून दे.

शुक्रवारपर्यंत बोलता येणारा,
तुझाच
बाबा