हिरूबाई आणि खाजरं अळू

१४ जून
आजपासून रोजनिशीत स्वतःशी खोटं बोलायचं नाही. रानभाज्या ओळखणारं माझं एआय तयार झालं. पानाचा फोटो दाखवा, खायचं की नाही ते मशीन सांगतं. वीस वर्षांच्या सायबरनेटिक्सच्या अभ्यासाचं फळ. कळंबजवळच्या ठाकूरवाडीतल्या हिरूबाईंनी बाराशे फोटो एकेक करून ओळखून दिले, पण ते नुसतं लेबलिंग, फोटोला नाव चिकटवणं.

१६ जून
पेपर लिहून झाला. लेखक : डॉ. शोएब. शगुफ्तानं वाचला आणि विचारलं, हिरूबाईंचं नाव कुठंय? म्हटलं, आभारात टाकतो. तिनं पेपर टेबलावर पालथा ठेवला. बायको रुसली की कामाचा दिवस फुकट जातो.

१८ जून
आभार लिहायला बसलो. पेपरची पानमर्यादा संपलेली, तसाच पाठवला. पुढच्या व्हर्जनमध्ये नक्की.

३ जुलै
पेपर स्वीकारला! वाडीवर जाऊन सांगायचं होतं, तर हिरूबाईच भारंगीची भाजी घेऊन दारात. विचारत होत्या, "शिकलं का वो तुमचं मशीन? माझं नाव घेतं का?" मी सांगितलं, मशीनला नावं कळत नाहीत. शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे.

१९ जुलै
२७ला खोपोलीत माझा सत्कार! भाषणाचं पहिलं वाक्य हिरूबाईंवर. पाठ केलं. त्यांना पहिल्या रांगेत बसवणार.

२७ जुलै, दुपारी ४
पहिलं वाक्य 'मी'नं सुरू झालं. मग थांबताच येईना.
नंतर प्रात्यक्षिक. प्रमुख पाहुण्यांनी आवारातलं एक पान तोडून आणलं. मशीन म्हणालं : खाण्यास योग्य, ९८ टक्के. पाहुण्यांनी हौसेनं तुकडा तोंडात टाकला. हिरूबाई धावत स्टेजवर. "थुका आधी! खाजरं अळू हाय ते, घसा खाजवंल!"
पाहुणे थुंकले, खोकले, पाणी प्यायले. कुणीतरी विचारलं, मशीन चुकलं कसं?
लेबलिंगच्या वेळी हिरूबाईंनी खाजरं अळू बरोबर ओळखलं होतं. त्याचे फोटो तीसच होते, मशीनची अचूकता खाली ओढत होते, म्हणून मीच ते वगळले होते. हे सांगायला मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.
तेवढ्यात हिरूबाई म्हणाल्या, "मशीन नाय चुकलं. मीच सायबांना चुकीचं सांगितलं."
सगळे हसले. मी माइक घेतला आणि म्हणालो, "माणूस आहे, चूक व्हायचीच."
टाळ्या पडल्या. हिरूबाईंनीही वाजवल्या.