विहिरीकडचं कोकोचं झाड

अहो,

तुम्हाला दिलेला शब्द आज सकाळी मोडला. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहायला बसले. विहिरीकडच्या कोकोच्या फांद्या मी तोडल्या.

आता डोळे मोठे करू नका. आधी ऐकून घ्या.

तुम्ही उन्हाळ्यात गेलात. पाऊस लागला तशी कोकोची फळं काळी पडायला लागली. दर वर्षीच पडतात, पण तेव्हा ते सगळं तुम्ही बघायचात आणि मी नुसती चहा घेऊन यायचे. या वेळी फळ हातात धरलं, तर बोटांखाली मऊ लागलं. मला रडूच आलं.

काळी फळं तोडून तुम्ही कुठे टाकायचात, आठवतंय? माडांच्या आळ्यात! पाला, नारळाची सोडणं, शेण, सगळं आळ्यात. वाडीतलं काही वाडीबाहेर जाऊ द्यायचं नाही, हा मामंजींपासूनचा नियम. चांगलाच होता हो. पण पाऊस त्या ढिगावर आपटून उडायचा आणि शेजारच्या कोकोची खालची फळं सगळ्यांत आधी काळी पडायची. तुम्ही वर फवारत होतात आणि खाली आपणच रोगाला पोसत होतो. कसं नाही कळलं आपल्याला?

श्रावणात भावोजी आले. म्हणाले, "वैनी, कोको सगळा काढून टाकूया. ह्यो रोग सुपारीत शिरला, तर खायाचं काय?" त्यांचंही खोटं नव्हतं. पण तुमच्या हातची झाडं! मी म्हटलं, "गणपती होऊ देत, मग बघू."

मग रोज काळी फळं वेचली, वाडीच्या दगडी गडग्यापलीकडे खड्डा काढून पुरली. फांद्या विरळ केल्या. लांज्याहून मोरचूद आणलं, चुन्यात कालवून उघडीप मिळेल तेव्हा फवारलं. बाग सावरली.

फक्त विहिरीकडची सोडून. तिथे तुमचं झाड होतं. दवाखान्यातून आल्यावर तुम्हाला ऊन सोसायचं नाही, म्हणून त्याच्याखाली खुर्ची टाकून बसायचात. "ह्याला हात लावू नको गो. हितं बरं वाटतं," म्हणालात, आणि मी मान डोलावली. म्हणून ते तसंच गच्च, ओलं राहिलं आणि तिथूनच पुन्हा काळी फळं शेजारी दिसायला लागली. एवढा कसला हट्ट तुमचा, गेल्यावरसुद्धा?

काल भावोजी सांगून गेले, "उद्या माणूस आणतो तोडायला." सगळा कोको जाण्यापेक्षा तुमची सावली गेलेली बरी, असं मनाशी ठरवलं. सकाळी खोडाला हात लावून तुमची माफी मागितली आणि कोयती चालवली.

भावोजी माणसाला घेऊन आले, तेव्हा मी वरच्या फांदीसाठी टाचा उंचावत होते. त्यांनी माझ्या हातातली कोयती घेतली आणि ती फांदी स्वतःच उतरवली. जमिनीवर ऊन पडलं. त्याकडे बघून ते म्हणाले, "दादाला आता हितं ऊन लागंल."

मग माणसाला परत पाठवलं. कोको राहिला.

यापुढे काळं फळ मी झाडावर टिकू देणार नाही, आळ्यातही टाकणार नाही. तुमची झाडं सांभाळीन, हा शब्द मोडायची नाही. आणि तिथे ऊन लागलं, तर पडवीत येऊन बसा. मी असतेच.

तुमची,
सुमन