‘पत्नीची संमती दिसून येत नाही’ हा शेरा काढून टाकण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
दत्तक निवड समिती,
ओंजळ बालसदन, शिरवळ,
ता. खंडाळा, जि. सातारा.

अर्जदार : सौ. शिवांजली जयराज मुळीक, वय ३६, धंदा घरकाम,
रा. मुळीक मळा, विटा, जि. सांगली.

विषय : लॅपटॉपचे वायफाय चालू न झाल्यामुळे दूरदृश्य मुलाखतीस हजर राहता न आल्याबाबत व त्यावरून मारलेला शेरा काढून टाकण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाची मुलाखतीची सूचना.
२) मागील सोमवारी आपल्या कार्यालयातील मॅडमशी फोनवर झालेले बोलणे.

महोदय,

वरील विषयी अर्जदार नम्रपणे कळविते, ते येणेप्रमाणे :

१. अर्जदाराचे पती श्री. जयराज यांचे मदुराई येथे सोने गाळण्याचे, म्हणजे आमच्याकडे ज्याला गलाई म्हणतात, त्याचे दुकान आहे. अर्जदार विट्यास सासूबाई श्रीमती लीलाबाई यांच्याजवळ राहते, कारण खुब्याचे हाड मोडल्यापासून त्यांना एकटे ठेवता येत नाही. लग्नाला बरीच वर्षे झाली. सांगलीचे, कराडचे, मिरजेचे दवाखाने झाले. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, “बास आता त्या सुया. कुनाचं तरी लेकरू आपल्या दारात खेळू द्या.” पतीपत्नीने आपल्याकडे नाव नोंदवले ते त्यांच्या या बोलण्यावरूनच. घरातल्या कुणाची ना होती असे समितीने समजू नये, म्हणून हे मुद्दाम लिहिले आहे.

२. दिवाळीनंतर आपल्याकडून एका बालिकेची माहिती व फोटो आला. वय दोन वर्षे. फोटोत तिने एका पायात मोजा घातला असून दुसरा हातात गच्च धरला आहे. अर्जदाराने तो फोटो पतीला पाठविला, तेव्हा त्यांनी भर गिऱ्हाइकीत दुकानातून फोन केला व पुष्कळ वेळ नुसतेच “व्हय, व्हय” म्हणत राहिले. नाव काय ठेवायचे यावर घरात बोलणे निघे, पण आधी ती घरी येऊ दे, मग बघू, असे म्हणून अर्जदारच ते थांबवीत असे.

३. सूचनेप्रमाणे मुलाखत शुक्रवारी दुपारी होती. पतीने मदुराईहून मोबाइलवर व पत्नीने राहत्या घरातून, घर नीट दिसेल अशा रीतीने, लॅपटॉपवर हजर व्हायचे होते. पतीने दिवाळीत येताना जुन्यातला एक लॅपटॉप आणून ठेवला होता. मोबाइलचे नेट त्याला कसे जोडायचे, कुठे दाबायचे, हे सर्व त्यांनी अर्जदाराकडून दोनदोनदा करवून घेतले होते. आदल्या संध्याकाळी तो व्यवस्थित चालला. अर्जदाराने पतीला त्यावरच भिंतीचा नवा रंग दाखविला.

४. मुलाखतीच्या दिवशी सकाळी सासूबाईंनी काठी टेकत येऊन लॅपटॉप पदराने पुसला व त्याच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावले. वायफाय बंद करणाऱ्या कळा तेव्हा दाबल्या गेल्या, की आदल्या रात्री लॅपटॉप बंद करताना अर्जदाराकडूनच दाबल्या गेल्या, हे आजपर्यंत समजलेले नाही. सासूबाईंना याविषयी काहीही विचारले जाऊ नये अशी विनंती आहे. त्या हल्ली लॅपटॉप ठेवलेल्या खोलीत पाऊल टाकत नाहीत.

५. वेळेच्या पुष्कळ आधी अर्जदार साडी बदलून लॅपटॉपपुढे बसली. मोबाइलचे नेट चालू होते, परंतु लॅपटॉपला ते दिसेना. खाली कोपऱ्यात जिथे आदल्या दिवशी वायफायची पंख्यासारखी खूण होती, तिथे विमानाचे चित्र आले होते. त्यावर दाबले असता इंग्रजीत वायरलेस बंद असल्याचे लिहून आले. ते चालू कसे करायचे हे मात्र लिहिलेले नव्हते. अर्जदार बारावीपर्यंत मराठीतून शिकली आहे. इंग्रजी अक्षरे लागतात, पण सेटिंगमध्ये शिरल्यावर एका पानातून दुसरे पान निघत गेले आणि ज्या ठिकाणी चालू-बंद करायचे, ते बटण फिके पडलेले होते. कितीही दाबले तरी ते हलले नाही.

६. वरच्या ओळीतल्या कळांवर बारीक चित्रे आहेत. त्यांपैकी एखादी वायफायची असेल म्हणून अर्जदाराने एकेक दाबून पाहिली. एकीने पडदा काळवंडला. एकीने आवाज गेला. एकीने बाण फिरवायची पाटीच बंद पडली आणि पडद्यावरचा बाण होता तिथे मेल्यासारखा थांबला. मनोऱ्यासारखे चित्र असलेली कळही दाबली होती, परंतु ती दुसऱ्या एका कळीबरोबर दाबायची असते हे अर्जदाराला माहीत नव्हते. शेवटी बंद करून पुन्हा चालू करावा म्हणून मोठे बटण दाबले, तर पडद्यावर गोल फिरू लागले आणि काम चालू आहे, यंत्र बंद करू नका, असा मजकूर आला. तेव्हा मुलाखतीची वेळ झाली होती. सासूबाई दारातून म्हणाल्या, “आगं, फिरतंय म्हंजी येतंय न्हवं?” अर्जदाराने होय म्हणून सांगितले.

७. सूचनेतला दुवा मोबाइलवरही उघडेल, हे अर्जदाराच्या लक्षात आले व तिने तो उघडला. परंतु लॅपटॉपवर आदल्या दिवशीच भरून ठेवलेला सांकेतिक क्रमांक इथे नव्याने लागत होता; तो नोंदणी केलेल्या मोबाइलवर येतो आणि नोंदणी पतीच्या मोबाइलची आहे. म्हणून अर्जदाराने पतीला फोन लावला. त्यांनी तो कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. पती त्याच मोबाइलवर समितीसमोर बसले होते व साहेबांच्या पुढ्यात फोन घेणे बरे दिसणार नाही म्हणून त्यांनी तसे केले. त्यांना वाटले, पत्नी घाबरून फोन करीत आहे, होईल हजर. अर्जदाराला वाटले, ते आता तरी उचलतील. दोघांचेही चुकले असे अर्जदाराला म्हणवत नाही, पण झाले ते असे झाले.

८. विटा बस स्थानकामागे श्री. कुतुबुद्दीन यांचे मोबाइल व टीव्ही दुरुस्तीचे दुकान आहे. पतीचा व त्यांचा शाळेपासून घरोबा आहे. अर्जदार लॅपटॉप घेऊन स्कूटीवरून तिकडे निघाली. यंत्र बंद करू नका असे लिहिलेले असल्याने झाकण मिटण्याचे धाडस झाले नाही. मध्ये उशी देऊन ते अर्धवट उघडे ठेवले, टॉवेलात गुंडाळले व पायांत धरून गाडी चालविली. वाटेत उसाच्या ट्रॉल्या आडव्या आल्या. दुकानाशी पोचल्यावर शटर ओढलेले दिसले. शुक्रवार असल्याने कुतुबुद्दीन जुम्म्याच्या नमाजाला गेले होते, हे अर्जदाराच्या डोक्यातच आले नव्हते. मागच्या दाराने त्यांच्या पत्नी रहिमतबी आल्या. त्यांनी लॅपटॉप हातातून काढून घेऊन पायरीवर ठेवला, पाणी दिले व म्हणाल्या, “बस गं पोरी. येतीलच आता. फोन मशिदीत बंद असतो, मी तरी काय करू?” दोघी त्या गोल फिरण्याकडे बघत पायरीवर बसून राहिल्या.

९. कुतुबुद्दीन नमाज होताच तसेच आले. तोवर फिरणे थांबले होते. त्यांनाही आधी उमजेना, कारण बाणाची पाटी अर्जदाराने बंद केलेली होती. त्यांनी दुकानातून जोडायचा माऊस आणला, सेटिंगमध्ये जाऊन पाहिले, मग खालच्या कोपऱ्यातली एक कळ व वरची मनोऱ्याची कळ एकदम दाबली. विमानाचे चित्र गेले व पंख्याची खूण आली. “वैनी, एवढंच व्हतं की वो,” असे ते म्हणाले आणि अर्जदाराच्या तोंडाकडे पाहून लगेच स्वतःचा मोबाइल काढला. त्यांच्या मोबाइलचे नेट जोडून दुवा उघडला. बैठक संपली असल्याचे त्यावर लिहून आले. अर्जदाराने तरी तो पुन्हापुन्हा उघडला. कुतुबुद्दीन यांनीच शेवटी लॅपटॉप हळूच मिटला.

१०. थोड्या वेळाने पतीचा फोन आला. त्यांनी आधी “कुठं व्हतीस तू?” म्हणून विचारले व अर्जदाराने झाले ते सांगितले. मग त्यांनी तिकडची हकिकत सांगितली. समितीने पत्नी कुठे आहे म्हणून विचारले, तेव्हा त्यांनी येतेच आहे असे सांगितले. पुन्हा विचारले, तेव्हाही तेच सांगितले. नंतर एका सदस्यांनी विचारले की, पत्नीची मनापासून इच्छा नसेल तर आताच स्पष्ट सांगा, पुष्कळ घरांत असे असते. पती म्हणाले, “मला तोंडातनं शब्दच फुटंना गं. तू फोन करतीयास आन् मी कापतोय, एवढंच डोक्यात. तवर ते सायब लिहून मोकळं झालं.” त्यांच्या त्या गप्प राहण्याचा अर्थ अर्जदाराची नाखुशी असा घेतला गेला. वास्तविक पती मुळात कमी बोलणारे आहेत. अर्जदाराला पाहायला आले होते तेव्हाही ते असेच गप्प बसले होते व नकार समजून अर्जदाराच्या घरच्यांनी त्यांना चहा देऊन वाटेला लावले होते.

११. संध्याकाळी संकेतस्थळावर बालिकेच्या नोंदीसमोर ‘पत्नी अनुपस्थित, पत्नीची संमती दिसून येत नाही’ असा शेरा आला. सूचनेत दिलेला कार्यालयाचा फोन लागला नाही. दुसऱ्या दिवशी अर्जदार सासूबाईंना शेजारी सोपवून पहाटेच्या एसटीने कराडला, तिथून साताऱ्याला व तिथून शिरवळला आली. लॅपटॉपही बरोबर आणला होता, म्हणजे काय झाले ते करून दाखविता आले असते. बालसदनाच्या फाटकावर श्री. धनाजी हे पहारेकरी होते. त्यांनी सांगितले, “ताई, आज सुट्टी हाय. आत सोडायचा हुकूम न्हाई मला. सोमवारी फोन करा, न्हाईतर लेखी द्या.” त्यांनी आपले कर्तव्य केले, तक्रार नाही. उलट त्यांनी सावलीला खुर्ची दिली. आत जेवणाची वेळ झाली असावी. ताटल्यांचा आवाज येत होता व कुणीतरी लहान मूल भात नको म्हणून मोठ्याने रडत होते. ते कोणते मूल, हे विचारण्याचा अर्जदाराला अधिकार नव्हता. ते रडायचे थांबेपर्यंत अर्जदार तिथे बसली व मग परतीच्या गाडीला लागली.

१२. सोमवारी फोन लागला. आपल्या कार्यालयातील मॅडम सौजन्याने बोलल्या. त्यांनी सांगितले की, कार्यालयाला सुट्टी असली तरी यादीतल्या पुढच्या कुटुंबाला शनिवारीच कळविण्यात आले, ते रविवारी येऊन मुलीला भेटले, मुलगी त्यांच्या कडेवर लगेच गेली व त्यांनी होकार दिला आहे. तांत्रिक अडचण आधी का कळविली नाही, असेही त्यांनी विचारले. अर्जदाराने फाटकापर्यंत येऊन गेल्याचे सांगितले. त्यावर मॅडम म्हणाल्या की, तसे रेकॉर्डला नाही.

१३. पती तेव्हापासून दुकानात नीट लक्ष देत नाहीत असे त्यांच्या कामगारांकडून कळते. ते रोज फोन करून “मी उचलाय पाहिजे व्हता,” एवढेच म्हणतात. सासूबाई जेवताना मध्येच हात थांबवून बसतात. अर्जदाराने घरातल्या दोघांनाही समजावले आहे. अर्जदाराला समजावणारे कुणी नाही म्हणून हा अर्ज लांबला, त्याबद्दल माफी असावी.

सबब अर्जदाराची प्रार्थना अशी की,

(अ) सदर बालिका ज्या घरी जात आहे तेथून तिला परत बोलावू नये. ती त्यांच्या कडेवर गेली असे मॅडमनी सांगितले आहे, तेव्हा त्यात अर्जदाराला काही म्हणायचे नाही. अर्जदाराच्या या अर्जामुळे तिचे जाणे एक दिवसही लांबू नये.

(ब) अर्जदार व तिचे पती यांचे नाव यादीतून कमी करू नये. यापुढे मुलाखतीस बोलाविल्यास दोघेही समक्ष शिरवळला येतील. पतींनी दुकान बंद ठेवून येण्याचे कबूल केले आहे.

(क) बालिकेच्या कागदपत्रांत अर्जदाराविषयीचा जो शेरा आहे, तो काढून टाकावा. नियमाने काढता येत नसल्यास त्याच्याखाली ‘सदर बाईंचे वायफाय चालू झाले नाही’ एवढी ओळ लिहावी. मुले मोठी झाल्यावर आपले कागद मागून घेतात, असे अर्जदाराने ऐकले आहे. तिने ते उद्या वाचले, तर विट्याच्या कुणा बाईला आपण नको होतो, असे तिला वाटेल. ते खरे नाही.

आपल्या दोन ओळींच्या उत्तराची वाट पाहत असलेली,

(सही)
सौ. शिवांजली जयराज मुळीक
विटा, बुधवार

सोबत :
१) मुलाखतीच्या सूचनेची प्रत.
२) त्या शुक्रवारी पतीला केलेल्या व कापल्या गेलेल्या फोनची मोबाइलमधील नोंद, छापील.
३) श्री. कुतुबुद्दीन यांचा सहीनिशी जबाब.
४) विटा ते शिरवळ एसटीची तिकिटे. अर्जदार शनिवारी फाटकापर्यंत आली होती, हे रेकॉर्डला यावे म्हणून.