चार चाकांवरचे त्रेचाळीस पौंड

मिल्स क्रीक, ओहायो
१४ एप्रिल, दुपारी दोन

तीर्थस्वरूप व्हर्लीनताईस,

धाकट्या वेन्डेलचा दंडवत. (गुडघ्यामुळे उभ्याउभ्याच घातला आहे, पोचला असं समज.) तुझी कंबर कशी आहे? फ्लोरिडाच्या उन्हाने दुखणी पळतात असं तू चार वर्षं कळवतेस आणि त्याच पत्रात एक नवीन दुखणं कळवतेस, म्हणून विचारतो. तळ्यातली ती मगर अजून तुमच्या पायरीपर्यंत येते का? इकडे सगळं ठीक. बर्फ गेलं, चिखल आला. शेजारचा एमेट रोज सकाळी माझ्यासाठी चार डोनट घेऊन येतो आणि परवापरवापर्यंत त्यातले तीन स्वतः खायचा.

आता रागावू नकोस. (हे वाक्य वाचलं की तू चष्मा काढून ठेवतेस, मला ठाऊक आहे. परत लाव.) तुझ्या रॉबिनने फेब्रुवारीत आपल्या कोल्बीची छोटी चारचाकी क्वाड बाहेर काढली. तो गेल्यापासून एकवीस वर्षं ती माझ्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. तिच्यावर पुन्हा कुणी बसायचं नाही असं तू बजावलं होतंस आणि मीही मान डोलावली होती. पण तुझी नात टेसा आता सात वर्षांची झाली. अकरा मेला कौंटीच्या मैदानावर पोरांची शर्यत आहे आणि तिला कोल्बीमामाचीच गाडी हवी. रॉबिन म्हणाली, मामा, पुढचं सस्पेन्शन तू नवीन कर, गाडी पोरीच्या जिवाला धड आहे असं तू सांग, मग आईशी मी बोलते. म्हणजे पोरीचे दात माझ्या शब्दावर आणि माझं डोकं तुझ्या हातात. आणि तो शब्द मला देता येत नाही, म्हणून हे पत्र.

आपल्याला या धंद्यातलं काही कळत नाही हे तू चर्चमध्ये अभिमानाने सांगतेस, तेव्हा थोडक्यात सांगतो. पोरांच्या क्वाड कारखान्यातून येतात तेव्हा त्यांच्या पुढच्या चाकांना धरणारे हात एवढे जड असतात की वर बैल बसणार आहे असं वाटावं. मी ते कापून टाकतो आणि पातळ पोलादी नळीचे नवे करतो. या गाडीवर मी सहा आठवडे घालवले. चारी हात मिळून सहा पौंड उतरवले. एमेटने एक हात तळव्यावर तोलून पाहिला आणि विचारलं, यात आतून काही घालायचं राहिलंय का? आमच्या कौंटीत याहून मोठी स्तुती कुणी करत नाही.

खरी अडचण नेहमी पोराच्या वजनाची. स्प्रिंग त्या वजनावर ठरते. स्प्रिंग चुकली तर पहिल्याच उडीला पोर हँडलवरून पलीकडे. आणि बाप लोक खोटं सांगतात. हलकं पोर वेगाने जातं असा त्यांचा समज, त्यामुळे कुठल्याच बापाचं पोर कधी पन्नास पौंडांच्या वर नसतं, मग ते दारातून आडवं होऊन आत येत असलं तरी. म्हणून माझा नियम आहे. हेल्मेट, बूट, छातीचं चिलखत सगळं चढवून पोराने आधी काट्यावर आणि मग गाडीवर बसायचं. मी म्हणायचं, "दगड हो." पोर हलायचं थांबलं की मी जमिनीपासून चॅसीपर्यंत पट्टी लावायची. कोल्बी तेव्हा श्वास धरून बसायचा, आठवतं? श्वास धरला की माणूस हलका होतो, हे त्याचं शास्त्र होतं.

तर मागच्या सोमवारी सकाळी मी हात बसवले. रिकामी गाडी, पट्टी लावली, नऊ इंच. घरात जाऊन दोन अंडी खाऊन आलो तर साडेसात. वर कुणी नाही. मी स्प्रिंगला शिव्या दिल्या, नव्या घातल्या, पुन्हा साडेसात. जमीन तपासली. सपाट. मांजर सीटवर झोपलं असेल म्हणून पाहिलं, तर मांजर सोमवारपासून शेडमध्ये पाऊल टाकायला तयार नाही. शेवटी चारी चाकांखाली चार काटे ठेवले. जुनी गाडी एकशे नव्वदची, त्यातून माझे सहा वजा, म्हणजे एकशे चौऱ्याऐंशी भरायला हवी. भरली दोनशे सत्तावीस. ताई, खोटं कशाला बोलू, मला आधी भीती वाटली नाही, अपमान वाटला. मी सहा पौंड घटवायला सहा आठवडे झिजायचं आणि कुणीतरी फुकटात त्रेचाळीस चढवायचे.

बुधवारी सकाळी एमेट समोर बसला होता. मी गंमत म्हणून (गंमत नव्हती) गाडीला म्हणालो, दगड हो. पुढची बाजू केसभर वर आली आणि तिथेच थांबली. बाहेर लख्ख ऊन होतं, रस्त्यावरून दुधाचा टँकर गेला तो मी ऐकला. मी मनात वीस आकडे मोजले.

"वेन्डेल," एमेट म्हणाला, "हिने श्वास धरलाय का रे?"

"स्प्रिंग आहे ती."

"बरं. मग तिला सोड म्हणावं."

ती आपणहून हळूच खाली बसली. एमेटने दुसरा डोनट अर्धा टाकला, जे मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि आता तो पिशवी फाटकाला अडकवून परस्पर जातो. (चारही डोनट मला मिळतात. वाईटातून चांगलं निघतं ते असं.)

मग मी जुनी वही काढली. कोल्बीचं शेवटचं वजन तिच्यात आहे, सत्तेचाळीस. माझ्या अंगावरचं ओझं उतरलं. सत्तेचाळीस म्हणजे त्रेचाळीस नव्हे. चार पौंडांनी मी सुटलो होतो. त्या दिवशी भाकरीसारखे दोन जाड सँडविच खाल्ले आणि मग शहाण्यासारखं काटेच तपासावेत म्हणून शिशाच्या वड्यांचा डबा काढला. एकेक पौंडाच्या बारा वड्या असतात त्यात. काटे तपासण्यापलीकडे मला त्यांचा उपयोग नाही, त्यामुळे नवे इलेक्ट्रॉनिक काटे आल्यापासून तो डबा मी उघडलाच नव्हता. मोजल्या तर आठ.

कोल्बीच्या शेवटच्या वजनाचा तो शनिवार तुला आठवत असेलच. औषधं चालू होती, पोर दर आठवड्याला हलकं भरत होतं. तू बाहेर गाडीत बसायचीस आणि खिडकीतून आकडा विचारायचीस. आदल्या शनिवारी पंचेचाळीस होता. त्या दिवशी बूट घालायला तो वड्यांचा डबा असायचा त्या फळीमागे गेला आणि फार वेळ लावला. मी काटा पाहिला आणि आनंदाने ओरडलो, सत्तेचाळीस, दोन वाढले. तू हसलीस. त्या वर्षात तुला हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं. तो बूट न काढताच गाडीकडे गेला, चिखलातून चालल्यासारखा एकेक पाय उचलत, आणि मी म्हणालो, बूट मोठे झालेत वाटतं. पुन्हा तो शेडमध्ये आला नाही. डबा मांडीवर घेऊन मी रडलो, ताई. एमेट नव्हता ते बरं झालं.

बाकी क्षेम. डॅन भावोजींना नमस्कार, मगरीला लांबूनच. उन्हात जपून राहा.

तुझा धाकटा,
वेन्डेल

ता. क. : खरं काम हे. ते बूट तुझ्या कपाटावरच्या खोक्यात आहेत आणि तू ते कधी उघडलं नाहीस, हे रॉबिनने मला सांगितलं आहे. एकदा उघड. बुटांत हात घालून पाहा. रिकामे निघाले तर तुझा भाऊ म्हातारचळ लागलेला आणि त्याचे काटे प्यायलेले, असं समजून तोंडभर शिव्या दे, मी त्या फ्रेम करून लावीन. एकेकात दोन-दोन वड्या निघाल्या तरीही कळव.

आणखी एक : पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात रॉबिन टेसाला घेऊन आली. यातलं एक अक्षर मी त्यांना बोललो नव्हतो. टेसा चिलखतासकट बावन्न भरली. गाडीवर बसली ती अगदी पुढे सरकून. मी म्हणालो, नीट मागे बस. म्हणाली, "मागे जागा नको का?" कुणाला म्हणून विचारलं तर खांदे उडवले. ताई, मी बावन्नची स्प्रिंग बाजूला ठेवली आणि बावन्न अधिक त्रेचाळीस, पंच्याण्णवची बसवली. एकट्या पोरीला ती दगडासारखी लागायला हवी, दात वाजायला हवेत, म्हणून म्हटलं एकच फेरी, आणि हळू. तिने हळू नेली असती तर तुझी नात कसली. बांधावरून उडाली आणि गादीवर पडावी तशी उतरली. रॉबिन म्हणाली, मामा, तुझ्या हातात जादू आहे. कुणी स्तुती केली आणि मी ती घेतली नाही, असं प्रथमच झालं.

शेवटचं : ता. क. रद्द समज. बुटांत हात घालू नकोस, कळवूही नकोस. अकरा मेला तूच ये आणि ते जसेच्या तसे घेऊन ये, दोन मोजे घातले की टेसाला होतील. आत काही असलं तर आपण दोघं मिळून काढू, त्याला आता वजन वाढवून दाखवायची गरज नाही. तू बाहेर गाडीत बस आणि खिडकीतून आकडा विचार. या वेळी मी खरा सांगेन.