धूर सोडायचे निरोप टेकडीवर येतात

चिरंजीव धाकट्याला,

थोरल्या ताईने डोक्यावर हात ठेवलाय असं समज. तू, तुझी बायको आणि दोन्ही मुली ठीक असाल असं धरून चालते, कारण नसता तर आत्तापर्यंत कळलं असतं. तुमच्याकडे फोन स्वयंपाकघरातसुद्धा लागतो. आम्हीही ठीक आहोत असं लिहितात म्हणून लिहिते. आता ते झालं. आता खरं काय ते वाच, आणि लिफ्टच्या खोलीत उभ्याउभ्या वाचू नकोस, खाली बस, पत्र मोठं आहे. (चौथी शिकलेल्या बाईला एवढं लिहायला तीन दुपारी लागल्यात, तेव्हा जोडाक्षरं तपासत बसू नकोस.)

तू गेल्या खेपेला आलास तेव्हा तुझ्या दाजींच्या पायाचं ऐकलंसच. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, पायातल्या रक्ताच्या नळ्या आतून बुजत चालल्यात, अंगठा काळा पडलाय, धूर बंद झाला तर पाय राहील, नाहीतर आधी अंगठा जाईल आणि मग पुढचं. सुताराचा पाय गेला तर रंधा काय बसून मारायचा का? तू म्हणालास, ताई काळजी सोड, सिगारेट सोडवायला आता फोनवर निरोप येतात, सरकारी आहे, माझी त्यानेच सुटली. आणि दाजींच्या फोनवरून कायकाय दाबून त्यांचं नाव घालून मोकळा झालास. पत्ता मात्र तुझा घातलास, कारण म्हणे आमच्या गावाचं नाव त्या यादीत सापडेना.

शहाण्या, आमच्याकडे फोनला आवाज येतो तो फक्त मागच्या टेकडीवर, पाण्याच्या टाकीपाशी. घरात नाही, यांच्या सुतारकामाच्या कारखान्यात नाही. मग काय झालं ते ऐक. संध्याकाळी सहा वाजले की हे लंगडत लंगडत टेकडी चढायचे, आपले निरोप आणायला. तिथे गावातले सगळे बाप्ये आधीच हात वर करून उभे. टायरवाला, दूधवाला, निवृत्त मास्तर, आणि तो एक ज्याला आम्ही हवामानखातं म्हणतो (तो ढग बघून सांगतो की आज फोन लागेल की नाही, आणि रोज चुकतो). आता लागेल मग लागेल म्हणून अर्धा अर्धा तास ताटकळायचं, आणि ताटकळताना बाप्ये काय करतात ते तुला माहीत आहे. टायरवाला पाकीट पुढे करायचा. एक सकाळच्या निरोपाची वाट बघताना, एक दुपारच्या, आणि एक ते वाचून झाल्यावर, वाईट वाटलं म्हणून. तुझ्या योजनेआधी तुझे दाजी दिवसाला आठ ओढायचे. योजनेत गेल्यावर अकरा.

आणि निरोप तरी कसले. सगळे एकदम येऊन पडायचे. दुपारी जेवणानंतरचा क्षण धोक्याचा असतो, सावध राहा, हे संध्याकाळी सहाला. लिफ्ट टाळा, जिना वापरा. अरे, गावात जिना एकच आहे, तो त्या टाकीचा, आणि त्याच्यावर चढायला बंदी आहे. ऑफिसमधल्या सहकाऱ्यांना तुमचा निश्चय सांगा. यांची सहकारी मीच. यांनी तासलेलं लाकूड मी पॉलिशपेपरने घासते. मला वेगळा निश्चय काय सांगणार? बाल्कनीत उभं राहून मोकळा श्वास घ्या, हा वाचून तर मास्तरही हसले, आणि मास्तर सहसा हसत नाहीत. त्यात एक सोय अशी की इच्छा अनावर झाली तर 'तलफ' एवढंच लिहून पाठवायचं, लगेच मदत येते. यांनी एका दिवसात कारखान्यातून सात वेळा पाठवलं. एकही गेलं नाही. संध्याकाळी टेकडीवर पोचल्यावर सातही एकदम सुटले आणि सात मदती एकदम आल्या. फोन थरथरत होता आणि हे दुसऱ्या हाताने टायरवाल्याची काडी विझू नये म्हणून आडोसा धरून उभे होते. मी हे पाहिलं कारण मी पिशवीत चप्पल घेऊन मागोमाग गेले होते, यांची एक चप्पल दुखऱ्या पायातून वाटेतच निसटली होती आणि यांना पत्ता नव्हता. पायाला काही लागतच नाही आता. तेव्हा मला राग आला की भीती वाटली, ते अजून ठरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी फोनच काढून घेतला. म्हटलं, तुम्ही खाली बसा, तुमचे निरोप मी आणते. तेवीस दिवसांचा हिशोब यांनी 'आज किती ओढल्या' या तिकडच्या प्रश्नाला रोज शून्य लिहून पाठवला होता. मी पहिल्याच संध्याकाळी अकरा लिहिलं. तिकडून आलं, निराश होऊ नका, आपण पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करू. निराश कोण झालंय? मी चिडले होते. पण पहिल्या दिवसापासून सुरू झालं हे बरं झालं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी टेकडीवर. टायरवाल्याने पहिल्या दिवशी मलाही पाकीट पुढे केलं, मी नुसतं बघितलं, तेव्हापासून तो टाकीच्या पलीकडे उभा राहतो. मी एक एक अक्षर लावत निरोप वाचायचे आणि खाली येऊन यांना सांगायचे. आता एवढी उतरण उतरेपर्यंत माझ्या डोक्यात त्यातलं निम्मं राहतं, उरलेलं मी घालते. पुस्तकी बोलणं मला जमत नाही. तिथे असायचं, प्रत्येक दिवस हा तुमचा विजय आहे. मी सांगायचे, ते म्हणतायत आज वाचलात, उद्याचं उद्या बघू. तिथे एकदा होतं, आपल्या प्रियजनांचा विचार करा. मी सांगितलं, ते म्हणतायत बायकोची बोटं पॉलिशपेपरने सोलून निघालीत, त्या हातांनी ती तुम्हाला उचलून मोरीपर्यंत नेईल असं वाटतं का? हे उठले आणि तीन फळ्या तासल्या, त्यातल्या दोन नको होत्या.

पहिले दहा दिवस घरात राहण्यासारखे नव्हते. खिळा वाकला तरी माझ्यावर ओरडायचे, खिळा सरळ गेला तरी ओरडायचे. कानावरची पेन्सिल काढून ओठात धरायचे आणि मग मापं विसरायचे; एका गिऱ्हाइकाची खिडकी भिंतीपेक्षा मोठी झाली. पण ओढली नाही. मी खिसे बघायचे, भुसा चाळायचे, तोंडाचा वास घ्यायचे (या वयात नवऱ्याच्या एवढं जवळ रोज जावं लागेल असं वाटलं नव्हतं). आणि रोज मी टेकडी उतरून आले की हे हातातलं काम ठेवून विचारायचे, आज काय म्हणतो? एकदा म्हणाले, हा माणूस परका वाटत नाही, घरात राहून गेल्यासारखा बोलतो. मी म्हटलं, असतील त्यांच्याकडे हुशार माणसं.

मागच्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी अंगठा दाबून पाहिला. जखम सुकत आलीय, पाय गरम लागतोय. म्हणाल्या, आता एकसुद्धा नको, एकीनेही सगळं पाण्यात जाईल. हे मान हलवून बाहेर आले आणि रस्त्यात मला सांगतात कसे, त्या माणसाचे निरोप आहेत तोवर काही भीती नाही, ते बंद झाले की एक ओढून बघीन म्हणतो, सुटलीय की नाही ते कळायला. असली तपासणी मी कुठे ऐकली नाही.

आणि त्याच आठवड्यात टेकडीवर आलं: अभिनंदन, तुमचे नव्वद दिवस पूर्ण झाले, आमची सेवा इथे संपते. संपते म्हणजे काय? पाय अजून यांच्याच अंगाला आहे ना? मी 'तलफ' लिहून पाठवलं, उत्तर नाही. माझीच शिवी लिहून पाठवली, त्यालाही नाही. तेव्हापासून एकोणीस दिवस झाले, मी रोज टेकडी चढते, टाकीला टेकून उभी राहते, हवामानखात्याचं ऐकते, आणि डोक्यातून एक निरोप काढून खाली आणते. पण माझं डोकं केवढं? परवा मी तेच सांगितलं जे मंगळवारी सांगितलं होतं, आणि हे मान वर करून माझ्याकडे बघत राहिले.

बाकी सगळं बरं आहे. बायकोला सांभाळ, मुलींना माझे पापे.

तुझी ताई

ता. क. आता कामाचं. तू शिकलेला आहेस. रोज एक निरोप तुझ्या फोनवरून पाठव, मी तो माझ्या भाषेत करून घेईन. बाल्कनी आणि ऑफिस नको.

ता. क. दुसरं. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं ते बरं झालं. वरचं खोड, पाठवू नकोस. काल खाली आल्यावर मी काहीतरी जुळवून सांगितलं, यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, नव्वद दिवसांचा निरोप मी मागच्या सोमवारी सकाळी वाचला, गिऱ्हाइकाचा नंबर शोधताना. मी विचारलं, मग ओढली का नाही? तर म्हणतात, संध्याकाळी ओढणार होतो, बाहेर बघितलं तर तू टेकडी उतरत होतीस. म्हणजे आठ दिवस मी फुकट चढले, आणि माणूस खाली बसून मजा बघत होता. मी दोन तास पॉलिशपेपर घासत बसले. मग म्हणाले, उद्याचा काय आहे? तेव्हा आता मी घरातच सांगते, चढणं बंद.

ता. क. तिसरं, आणि हेच खरं. तू आला होतास तेव्हा ऑफिसला फोन लावतो म्हणून टेकडीवर गेलास, आणि टायरवाल्याकडून दोन घेऊन ओढल्यास. त्याने मला सांगितलं. आता तो मला सगळं सांगतो. तुझ्या बायकोला मी बोललेले नाही. पण यांच्यासाठी निरोप तयार करायची मला सवय लागलीय आणि दिवसाला एखादा उरतो, तो पोस्टाने तुला येत जाईल. पहिला हा घे: हे वाचताना बोटांत जी पेटलेली आहे, ती विझव.