चंद्राची माती, वाघोडिया

८ डिसेंबर २००८

चाळीस किलो चंद्र मिळाला! म्हणजे काळा दगडच, दळून मैद्यासारखा केलेला. चांद्रयान गेल्यापासून विभागात सगळ्यांना तिकडच्या खाणींची स्वप्नं पडताहेत — लोखंड, टायटॅनियम, दगडातून ऑक्सिजन. खरी माती आम्हांला कोण देणार? म्हणून ही नक्कल. माझी सगळी पीएच.डी. हिच्यावर.

वाघोडियाच्या ज्या कारखान्यात ही दळून घेतली, तिथं एरवी काचेसाठी गारगोटी दळतात. चाळणीवर गंगाबाई, मूळच्या नंदुरबारच्या. इथं सगळे गुजराती, त्यात मी मराठी बोलते म्हटल्यावर हरखल्या. "पार लोट करून दिला, ताई, अगदी पिठासारखा. चंद्रावर भाकऱ्या करायच्या का?"

१९ जानेवारी २००९

गाईड प्रताप सर म्हणतात, अजून बारीक हवी. गंगाबाई परत चाळायला बसल्या. मधेमधे खोकत होत्या. "थंडीचं आहे, ताई."

२ फेब्रुवारी

प्रबंधातलं धुळीचं प्रकरण लिहून झालं. फक्कड जमलंय! चंद्रावरची धूळ धारदार, फुप्फुसात रुतते, म्हणून खाणीवर माणूस नको, यंत्रंच हवीत. आम्ही इथंही मास्क लावून, काचेच्या पेटीत हात घालून काम करतो. सर शिस्तीचे आहेत.

९ मार्च

गंगाबाई महिनाभर कामावर नाहीत. चार पावलांत धाप लागते. रावपुऱ्यात बाबांच्या दवाखान्यात घेऊन आले. बाबांनी एक्स-रे उजेडाला धरला. मग मला आत बोलावून —

"चाळताना या तोंडाला काय बांधतात?"

"पदर."

"आणि तू?"



१० मार्च

बाबा म्हणतात, अकरा वर्षांची गारगोटी आहे ती छातीत, तुझ्या एका पोत्यानं नाही झालं. दिवसभर हेच घोकतेय. पण माझं पोतंही त्याच छातीत गेलं ना. ते प्रकरण लिहिताना ही बाई एकदाही डोळ्यांपुढे आली नाही. एकदाही नाही! लाज वाटते स्वतःची.

१४ मार्च

मास्कचा खोका कारखान्यात नेऊन दिला. शेठनी "बहु सारूं, बेन" म्हणत खूश होऊन कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

२१ एप्रिल

गंगाबाई गेल्या.

परवा भेटले तेव्हा ऑक्सिजन लावला होता. नळी बाजूला सारून त्यांनी विचारलं, "ताई, तुमचं काम झालं ना?" झालं म्हटलं. खोटंच. घरी येऊन आईजवळ खूप रडले. आईला वाटलं, पीएच.डी.चं टेन्शन.

६ मे

सरांना जूनच्या आत अजून वीस किलो हवी आहे. वाघोडियाला फोन केला. शेठ म्हणाले, "लता करी आपशे. गंगाबेननी वहू. चालशे ने?"

गंगाबाईंची सून चाळून देणार.

मी हो म्हणाले.